आक्काच्या घरचं पाणी आणि राक्षसाचा दस्त

लातूरच्या तहसीलच्या आवारात लिंबाखाली टेबल टाकून मी गेली सव्वीस वर्षं दस्त लिहितो. खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, मृत्युपत्र. लोकांनी एकमेकांना दिलेला शब्द कागदावर आणायचा आणि त्यात कुठं फट राहू द्यायची नाही, एवढंच माझं काम. या कामानं डोकं असं झालंय की दुसऱ्यानं लिहिलेलं काहीही हातात आलं की मी आधी त्यातली चूक शोधतो. लग्नपत्रिकासुद्धा मला सरळ वाचता येत नाही. ‘सहकुटुंब’ म्हणजे नेमके किती जण, हे कुणीच लिहीत नाही. माझी बायको मुरुडच्या शाळेत शिक्षिका आहे. ती म्हणते, या माणसाला देव प्रसन्न झाला तर हा आधी वराचा मसुदा मागेल.

ती थट्टेनं म्हणते. पण मागच्या वर्षी मी खरोखर एका राक्षसाचे मसुदे तपासत बसलो होतो.

आमची एकुलती एक मुलगी नांदेडला फार्मसीला आहे, दुसऱ्या वर्षाला. श्रावणात तिची स्कूटी घसरली आणि उजव्या पायाचं हाड मोडलं. गुडघ्याच्या वरपर्यंत प्लास्टर घालून तिला लातूरला घरी आणलं. सहा आठवडे पाय टेकवायचा नाही. पहिले दोन दिवस ती रडली, तिसऱ्या दिवशी टीव्हीवर कुठलीशी कार्टूनची मालिका लावून बसली. एकोणीस वर्षांची घोडी आणि कार्टून बघते, म्हणून मी चिडलो. ती म्हणाली, पप्पा, हे लहान पोरांचं नाही, यात करार असतात. करार म्हटल्यावर मी चप्पल काढता काढता थांबलो.

मालिका परदेशातली, हिंदीत बोलणारी. डोंगराच्या पोटात मिठाची जुनी खाण असते आणि तिथं एक राक्षस राहतो. दिसायला अगदी साधा, आमच्या आवारातल्या एखाद्या जुन्या कारकुनासारखा, पाठीत वाकलेला आणि कानावर लेखणी. माणसं अडचणीत सापडली की खाणीच्या तोंडाशी जाऊन त्याला हाक मारतात. मागितलेलं तो देतो आणि बदल्यात काहीतरी घेतो. तो मारत नाही, ओरडत नाही, खोटं तर कधीच बोलत नाही. फक्त सगळं सांगत नाही. बोललेला शब्द जसाच्या तसा पाळायचं बंधन त्याच्यावर असतं आणि समोरच्यावरही. त्यामुळे फसवायचं ते शब्दांतच आणि सुटायचं तेही शब्दांतूनच.

एका भागात एका गवयानं आपला आवाज गहाण ठेवला, शेवटचं बर्फ वितळेपर्यंत. उन्हाळा आला, नद्या वाहिल्या, तरी आवाज परत येईना. राक्षसानं मूठभर बर्फ खाणीच्या तळाशी जपून ठेवलं होतं. मी खुर्चीतून उठलोच. जमिनीच्या साध्या कागदातसुद्धा आम्ही पूर्वेला काय, पश्चिमेला काय हे लिहितो, आणि या शहाण्यानं बर्फाला हद्दच घातली नव्हती. दुसऱ्या भागात एका विणकरणीनं ‘आज विणून झालेलं सगळं’ देईन असं कबूल केलं आणि मग घाबरली. तिनं दिवसभर सुंदर शाल विणली, पण शेवटची गाठ मारलीच नाही. राक्षस आला, शाल उलटीपालटी करून बघितली आणि रिकाम्या हातानं गेला. ‘विणून झालेलं’ असं त्यानंच तिच्याकडून म्हणवून घेतलं होतं. त्या बाईला मी माझ्या टेबलावर मदतनीस म्हणून ठेवली असती.

मग मला चटकच लागली. पाचला टेबल आवरायचं, येताना पोरीसाठी काहीतरी खायला आणायचं आणि चहा घेऊन तिच्या पलंगाशेजारी बसायचं. राक्षसानं अट सांगितली की ती टीव्ही थांबवायची, आणि यातली फट कुठं आहे ते आधी कोण सांगतं यावर आमची पैज लागायची. बहुतेक वेळा मी जिंकायचो. बायको म्हणायची, लेकीची सेवा चाललीय का राक्षसाची?

पण खरं सांगायचं तर मी तिथं नुसता पैजेसाठी बसत नव्हतो. तो पाय कुणामुळं मोडला हे मला माहीत होतं, असं मला वाटत होतं. तो मी मोडला होता.

तेरा वर्षांपूर्वी माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नांदेडला झालं आणि ती महिनाभर आक्काकडं राहिली. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. मी आईला परत आणायला गेलो, सोबत पोर होती, तेव्हा सहा वर्षांची. आई म्हणाली, मी आता इथंच राहते. मला ते झोंबलं. मी आवाज चढवला. आक्काही काही कमी नाही. ती म्हणाली, ‘तुमी दोघं दिवसभर भाईर. तुझ्याकडं तिला तांब्याभर पाणी द्यायला तरी कोण हाय?’ त्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून ते जास्त लागलं. वर शेजारचे चार लोक बसलेले. मी उठलो आणि शेजारी उभ्या असलेल्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला.

‘आजपासून ह्या घरचं पाणी पिणार न्हाई. ह्या पोरीची आन हाय.’

लेकराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली आण मोडली तर ती लेकरावर जाते, हे आमच्याकडं कुणी कुणाला शिकवत नाही. ते आपोआप माहीत असतं. मी शिकलेला माणूस, ग्रहणात जेवणारा, मांजर आडवं गेलं तर त्याला वाट देणारा. पण या एका गोष्टीला मी भ्यायलो आणि भीत राहिलो. पुढं आई होती तोवर मी नांदेडला जायचो, पण सोबत पाण्याची बाटली घेऊन. ज्या लातूरला एका उन्हाळ्यात रेल्वेनं पाणी आणून पाजावं लागलं, त्या गावचं पाणी मी गोदावरीच्या काठावर घेऊन जायचो. आक्का दर वेळी रीतीप्रमाणं माझ्यापुढं पाण्याचा ग्लास ठेवायची आणि लगेच भरलेला उचलून आत न्यायची. एक शब्द बोलायची नाही. मला वाटायचं, मला हिणवते आहे.

आई गेल्यावर जाणंही थांबलं. भाऊबीज तर आण घेतली त्याच वर्षापासून बंद होती, कारण भाऊबीजेला जायचं म्हणजे जेवण आलं आणि पाण्यावाचून जेवण होत नाही. साडी कुरियरनं पाठवायची आणि त्या दिवशी आवारात कुणी नसलं तरी टेबलावर जाऊन बसायचं. पोर नांदेडला शिकायला गेली तेव्हा आक्का म्हणाली, माझ्याकडं ठेव. मी तिला हॉस्टेलला टाकली. पण दर रविवारी ती आत्याकडं जायचीच. तिनंच मला येऊन सांगितलं की आत्या भाऊबीजेला गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळते. ज्या बाईला भाऊ नाही तिनं चंद्राला ओवाळायचं अशी आमच्याकडं रीत आहे. आक्काला भाऊ होता. तो लातूरला लिंबाखाली बसलेला असायचा.

मग मागच्या श्रावणात भाच्याला नोकरी लागली म्हणून आक्कानं सत्यनारायण घातला. पोरीनं हट्टच धरला म्हणून मी गेलो, बाटली घेऊन. पूजा झाली, सगळ्यांनी हात पुढं केले, मीही केला. भटजींनी पळीभर तीर्थ तळहातावर घातलं. हात आपोआप तोंडाकडं गेला आणि मग डोक्यावरून फिरला, लहानपणापासून जातो तसा. घशाखाली उतरल्यावर मला कळलं की हे पाणी आहे आणि ते या घरचं आहे. मी इकडंतिकडं बघितलं. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, निदान मला तसं वाटलं. नवव्या दिवशी आक्काचा फोन आला की पोर स्कूटीवरून पडली.

दवाखान्यात पोहोचलो तेव्हा आक्काच तिच्याजवळ होती. तिनं माझ्याकडं वर नजर करून बघितलं नाही. मी समजलो, राग अजून गेलेला नाही. मी कुणालाच काही बोललो नाही, बायकोलासुद्धा नाही. तीर्थाचा एक घोट घेऊन मी पोरीचा पाय मोडला, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि सगळं एवढ्यावरच भागलं का अजून काही बाकी आहे, हा विचार मला दिवसभर कुरतडायचा. मालिकेत राक्षस वसुलीला आला की पोर हसायची. मी तिच्या प्लास्टरकडं बघायचो.

प्लास्टर निघायला आठवडा राहिला होता, तेव्हा राणीचा भाग लागला. एका राणीनं राज्य वाचवण्यासाठी धाकट्या भावाचे डोळे गहाण टाकलेले असतात. तिनं अमुक नदी ओलांडली तर भाऊ आंधळा होणार. सात वर्षं ती नदीच्या अलीकडं राहते, पलीकडं तिचं माहेर. शेवटी भाऊ स्वतःच खाणीत जातो आणि राक्षसाला विचारतो, माझे डोळे तुझ्याकडं कुणी ठेवले? राक्षस खोटं बोलू शकत नाही. तो म्हणतो, ज्याचे डोळे त्यानं ठेवले नाहीत, म्हणून ते माझे कधी झालेच नाहीत. मग सात वर्षं तू गप्प का होतास? राक्षस म्हणतो, तिनं मला कधी विचारलं नाही, आणि ती रोज घाबरायची तेवढ्यावर माझं पोट भरत होतं.

पोरीनं टीव्ही थांबवला आणि म्हणाली, पप्पा, ही फट तुम्ही आधी सांगायला हवी होती, सोपी होती. बोलायला तोंड उघडलं तर रडू फुटलं. मी तिच्यासमोर कधी रडलो नव्हतो. ती घाबरली. मग मी तिला सगळं सांगितलं, आण, बाटली, तीर्थ, नववा दिवस. आत्याच्या घरचं पाणी मी पीत नाही हे तिला माहीत होतं. आण तिच्या डोक्यावर होती हे माहीत नव्हतं. तिला त्या दिवसाचं एवढंच आठवत होतं की माझा हात फार जड होता.

ती आधी हसली. मग तिचा चेहरा बदलला आणि ती चिडली, ते बरोबरच होतं.

‘म्हणजे तुम्ही मला गहाण टाकलंत. मला विचारलं होतं का?’

‘तू सहा वर्षांची होतीस.’

‘मग तर अजूनच.’

अजूनच. हा शब्द माझ्या कानात वाजला, कारण पुढचं वाक्य माझंच होतं. आठवड्यातून एकदा तरी मी ते कुणाला ना कुणाला ऐकवतो. बाप अज्ञान, म्हणजे अठरा पूर्ण न झालेल्या मुलाच्या नावची जमीन विकायला येतो आणि मी टेबलावर हात आपटून सांगतो, अज्ञानाची मिळकत कोर्टाच्या परवानगीशिवाय बापालासुद्धा विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, उठा. पोरीचं डोकं पोरीचं होतं. मी फक्त पालनकर्ता होतो. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या कागदातल्या चुका काढणाऱ्या माणसानं आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा दस्त असा कच्चा केला होता, आणि तेरा वर्षं त्याला पक्का समजून पाळला होता.

पोर आता वकिलीवर आली. तिचं म्हणणं असं की दोन्हीकडून मी मोकळाच आहे. करार खोटा असेल तर तीर्थ प्यायल्यानं काही झालं नाही आणि तिची स्कूटी वाळूवर घसरली. करार खरा असेल तर राक्षसानं पाय घेतला, वसुली झाली, खातं बंद. एकाच कराराची वसुली दोनदा होत नाही, मालिकेत एकदाही झालेली नाही. मी म्हणालो, असं नसतं. असा व्यवहार आपोआप रद्द होत नाही, अज्ञान मूल सज्ञान झाल्यावर त्यानं तो स्वतः रद्द करावा लागतो, आणि तेही तीन वर्षांच्या आत. ती बोटांवर मोजत म्हणाली, मी एकोणीसची आहे, मुदतीत आहे. कागद आणा.

मी आणला. तिथंच, तिच्या पलंगावर पाट ठेवून लिहिला. लिहून देणार मुलगी, लिहून घेणार बाप. माझ्या अज्ञानपणी माझ्या वडिलांनी माझी संमती न घेता माझ्या डोक्यावर जी आण घेतली, ती मी आज सज्ञान असताना, राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाशिवाय रद्द करीत आहे. सबब आक्काच्या घरचे पाणी पिण्यास वडिलांना माझी कसलीही हरकत नाही व पुढेही राहणार नाही. ‘पाणी’ या शब्दात चहा, ताक, सरबत व तीर्थ यांचा समावेश आहे, हे कलम पोरीनं घालायला लावलं. तिला शब्दांच्या कडा कळायला लागल्या होत्या. बायकोनं सगळं ऐकून घेतलं, डोळे पुसले, मला वेडा म्हणाली आणि साक्षीदार म्हणून सही केली. माझ्या दस्ताला दोन साक्षीदार लागतात. दुसरी जागा मी रिकामी ठेवली.

भाऊबीजेला पोरीला घेऊन नांदेडला निघालो. बायको आधीच तिच्या भावाकडं गेली होती. पोर काठी घेऊन चालत होती. बाटली मी घेतली नाही. बस लोह्याला थांबली तेव्हा घसा कोरडा पडला होता, पण तिथंही प्यायलो नाही. पोहोचलो तर दिवस मावळायला आलेला. दाजींनी दार उघडलं आणि वर बोट दाखवलं. आम्ही सावकाश एकेक पायरी चढून गच्चीवर गेलो. पश्चिमेला चंद्राची बारीक कोर होती आणि आक्का ताट घेऊन तिच्याकडं तोंड करून उभी होती. निरांजन अजून लावलेलं नव्हतं. आमची चाहूल लागून ती वळली. तिनं आधी पोरीचा पाय बघितला, मग मला.

खुर्च्या आल्या. दाजींनी रीतीप्रमाणं माझ्यापुढं ग्लास ठेवला. मी हात पुढं करायच्या आत आक्कानं तो झडप घालून उचलला.

‘ठेव की,’ मी म्हणालो.

‘न्हाई. तू चुकून पिशील.’ तिनं ग्लास माझ्यापासून लांब, कठड्यावर ठेवला. ‘तीर्थाच्या दिवशी मी बघितलं. उठून येस्तोवर तू पिलास बी. नऊ दिवस मला घास गेला न्हाई. मंग पोरगी पडली. पूजा मीच घातलती ना.’

तेव्हा मला ते सगळे भरलेले ग्लास आठवले. पाहुण्याला पाणी द्यायचं म्हणून ती ठेवायची, आणि बोलण्याच्या नादात माझा हात जाईल म्हणून लगेच उचलून न्यायची. इतकी वर्षं माझी आण माझ्यापेक्षा तिनं जास्त सांभाळली होती, माझ्या पोरीसाठी. आणि मी समजत होतो, हिणवते आहे. दवाखान्यात ती वर का बघत नव्हती, तेही कळलं. त्या राक्षसाला आम्ही दोन घरांतून जेवू घालत होतो.

मी खिशातून कागद काढून तिला दिला. सातवी शिकलेली माझी बहीण, एकेका शब्दाखाली बोट ठेवून वाचत गेली. चहा, ताक, सरबत व तीर्थ, इथं थांबली, मागं गेली आणि पुन्हा वाचलं. मग पोरीला म्हणाली, ‘तू तुझ्या तोंडानं सांग.’

‘माझी हरकत नाही आत्या. कधीच नव्हती. मला कुणी विचारलंच नाही.’

आक्का एकदम खाली बसली. मोठ्यानं रडली, आणि रडता रडता मला दोन शिव्या दिल्या, आमची आई द्यायची त्याच. माझा जीव भांड्यात पडला. तेरा वर्षं छातीवर धरून ठेवलेलं काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि मला हसू यायला लागलं. पोरीनं पेन पुढं केलं. दुसऱ्या साक्षीदाराच्या जागी आक्कानं पूर्ण नाव लिहिलं, माहेरचं आणि सासरचं दोन्ही.

कठड्यावरचा ग्लास तिनं गच्चीवरच्या तुळशीत ओतला. खाली जाऊन तांब्या भरून आणला, नवा ग्लास भरला आणि मी पितो की नाही हे बघत समोर उभी राहिली. पाणी टाकीतलं होतं, जरा कोमट, औषधाचा थोडा वास असलेलं. मी एका दमात संपवलं. तिनं चंद्राकडं पाठ केली, निरांजन लावलं आणि मला पाटावर बस म्हणाली. मी आधी ग्लास पुन्हा पुढं केला.